रुंदी

कुडचडे स्टेशनपासून शेतांपलीकडच्या मोरीपर्यंत
तीन किलोमीटर दोनशे मीटर.
नकाशावर ती पट्टी मी हिरव्या पेन्सिलने भरली
तेव्हा ऑफिसात पंखा चालू होता,
खिडक्या बंद होत्या,
आणि हिरवा रंग हिरवाच राहिला.

इथे करंजाचं पान उलटून बघावं लागतं.
वरची बाजू कोळशाची, खालची झाडाची.
मुरगावहून भरून निघालेल्या वाघिणी
थोडं थोडं सांडत जातात,
चाळणीतून पीठ सांडावं तसं.

रेल्वेचं पत्र माझ्या पिशवीत आहे:
रुळाच्या मध्यापासून आठ मीटर सोडावेत,
कुंपण सहा फुटी, फाटक कुठेही नाही,
आणि उद्या दुसरा रूळ टाकायचा झाला
तर पालिकेने रस्ता स्वखर्चाने उचलून न्यावा.
रस्ता कसा उचलतात
ते परिशिष्टात दिलेलं नाही.

गुणाजी गावस पुढे चालतो.
एकतीस वर्षं कीमन. निवृत्त झाला,
पण नजर अजून रुळाच्या कडेवर,
माणसाशी बोलतानाही सैल चावी शोधत असते.
‘इथं पाणी भरतं.
इथं नाग आहे, त्याला सांगून काम काढा.
हा दगड मीटरगेजच्या काळचा,
ह्याच्यावर बसून मी डबा खायचो.
हा हलवू नका.’
मी लिहून घेते:
बाक क्रमांक एक, अस्तित्वात.

साखळी क्रमांक आठशे चाळीसला हिरवी रेघ अडते.
तांबड्या भाजीचे सहा वाफे,
मोडक्या स्लीपरांची कड, शेवग्याचं एक झाड,
आणि काळ्या छत्रीखाली बसलेली
पिएदाद फर्नांडिस,
जिला आमच्या अहवालात अतिक्रमण म्हणतात.

मी सांगत जाते: सावली येईल, दिवे येतील,
सायकली येतील, संध्याकाळी म्हातारी माणसं.
ती जुड्यांची मुळं पाण्यात झटकत ऐकते.
‘आणि माझं काय?’ असं विचारत नाही.
त्या प्रश्नाची तयारी करून आले होते मी,
कलम पाठ होतं.
ती विचारते, ‘रुंद किती?’

अडीच मीटर, मी म्हणते. मानक आहे.

‘कोणाच्या मापाचं?’

मग पलीकडच्या वाफ्यातून ती
सुलक्षणा वेळीपला हाक मारते.
दोघी डोक्यावर टोपल्या घेतात
आणि आत्ता आहे त्या वितीएवढ्या पायवाटेवर
समोरासमोर चालत येतात.
एका अंगाला खडी, दुसऱ्या अंगाला गटार.
‘पळय बाय,’ पिएदाद म्हणते,
‘जिची टोपली हलकी तिनं खाली उतरायचं.
पहाटे बाजाराला जाताना हाच कायदा.
कोणी उतरू नये, तेवढा कर.’

गुणाजीने टेपचं शून्य धरलं.
टोपलीच्या काठापासून टोपलीच्या काठापर्यंत,
मध्ये एक कोपर हलेल एवढी हवा:
एक मीटर नव्वद.

तेवढ्यात मालगाडी आली.
तिघांनी एकदम पाठ फिरवली,
तोंडावर पदर, तोंडावर टोपी.
मी एकटीच समोर उभी, वाघिणी मोजत.
छत्तीसपर्यंत मोजल्या.

ऑफिसात लाल डोळ्याने
रेघ गटाराकडे सरकवली, गटारावर फरशी टाकली,
आठशे चाळीस ते नऊशे दहा रुंदी कमी केली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: दोन टोपल्या.
खोडलं.
‘स्थानिक वापर’ लिहिलं.
तेही खोडलं, आणि पहिलंच परत लिहिलं,
आता जरा बारीक अक्षरात.
साहेब चष्मा घरी विसरतात कधी कधी.

येताना शेवग्याच्या शेंगा आणल्या, एक जुडी.
तिने सुटे नाहीत म्हटलं,
शंभराची नोट दोनदा उजेडात धरून बघितली,
सुलक्षणाकडून मोड आणवली,
आणि पैसे पुरते घेतले.